बागा बघायला गेले होते

बसमध्ये आम्ही तेवीस जण होतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या हातात वही-पेन्सिल आणि जवळजवळ सगळ्यांच्या पायांत चिखलात चालायचे बूट. मी एकटी सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी आणि मुलाने डब्लिनमध्ये घेऊन दिलेले, एक नंबर मोठे बूट घालून बसले होते. "अम्मी, पायमोजे जाड घाल, बरोबर बसतील," असं तो म्हणाला होता. बसले नाहीत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आयर्लंडच्या बागांमधून मी सात दिवस फटक फटक आवाज करत फिरले.

ही सहल काही मी मागितली नव्हती. मुलगा आणि सून नोकरीवर, नातू शाळेत, आणि मी दिवसभर खिडकीत. सूनबाईंना कुणीतरी सांगितलं की निवृत्त लोकांसाठी बागांची एक सहल असते, बसने नेतात, बसने आणतात. मुलगा म्हणाला, "तुला झाडं आवडतात ना? जाऊन ये."

झाडं मला नाही, ह्यांना आवडायची. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे झाडं मला कळतात. आवडणं ही वेगळी गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या घरामागे वीस बाय तीस फुटांचा तुकडा आहे, तिथे ह्यांनी ग्लॅडिएटर गुलाबाचे अकरा वाफे केले होते. शिवाय मोगरा, जुई, लिंबू, कढीपत्ता आणि पत्र्याच्या डब्यांमधून काय काय. ऑफिसातून आले की चहाच्या आधी झारी. एप्रिल २०२१ मध्ये ते गेले. त्यानंतर मी त्या बागेला पाणी घातलं नाही. विसरले असं नाही. घातलं नाही.

हे मुलाला माहीत नव्हतं. मी "बरं" म्हटलं आणि निघाले.

पहिली दोन तास माझी भाषेची पंचाईत झाली. इंग्रजी मला येतं, पण ओहायोच्या आजींचं इंग्रजी वेगळं, यॉर्कशायरच्या जोडप्याचं वेगळं आणि बसचालकाचं तर मला पहिल्या दिवशी इंग्रजी वाटलंच नाही. मग ग्लासनेव्हिनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एका पाटीपाशी सगळे थांबले आणि मी सवयीने झाडाचं लॅटिन नाव मोठ्याने वाचलं, कुळासकट, वर्गात वाचतात तसं. माझ्याकडे दहा माना वळल्या. त्यानंतर लॅटिन ही आमच्या बसची सामाईक भाषा झाली. रस्त्याकडेला जांभळी घंटाफुलं दिसली की कुणीतरी मागून ओरडायचं, "डिजिटॅलिस पर्प्युरिया!" आणि मी मान हलवून पास करायची. लोक मला "टीचर" म्हणू लागले.

हे ग्लासनेव्हिनचं उद्यान १७९५ सालचं. लोखंड आणि काचेची तिथली जुनी हरितगृहं बघत राहावीत अशी, लोखंड वाकवून पाण्याच्या लाटेसारखं केलेलं. प्रवेशाला पैसे नाहीत. पण मला तिथली एक वेगळीच माहिती लागली. २० ऑगस्ट १८४५ रोजी या उद्यानाचे प्रमुख डेव्हिड मूर यांना इथल्या बटाट्याच्या पानांवर करपा दिसला. आयर्लंडमधल्या त्या रोगाच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. हे नाव मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांनी तीस वर्षं त्याचं स्पेलिंग चुकवलं. उशिरा येणारा करपा, लक्षणे, उपाय, चार गुण. त्या चार गुणांच्या मागे दहा लाख माणसं मेली होती, हे पुस्तकात एका ओळीत होतं आणि मीही एका ओळीतच सांगायची.

गाइड बाईंनी मात्र तिथे फार वेळ काढला नाही. सहल बागांची होती.

डब्लिनच्या दक्षिणेला विकलो परगण्यात पॉवर्सकोर्ट आहे. सत्तेचाळीस एकर. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाणारी इटालियन पद्धतीची बाग, खाली गोल तलाव, मागे शुगरलोफ नावाचा टोकदार डोंगर. डोंगर कुणी मुद्दाम आणून ठेवलाय असं वाटावं, इतका नेमका. १८४० च्या दशकात या पायऱ्यांचा आराखडा करणारे डॅनियल रॉबर्टसन यांना संधिवाताचा त्रास होता. त्यामुळे ते हातगाडीत बसून, हातात शेरीची बाटली धरून देखरेख करायचे आणि बाटली संपली की त्या दिवसाचं काम संपायचं, असं सांगतात. सगळे हसले. मीही हसले.

पुढे याच बागेत पाळीव प्राण्यांची दफनभूमी आहे. कुत्री, घोडे, चक्क गाय. प्रत्येकाच्या डोक्याशी दगड, दगडावर नाव, साल. गवत कापलेलं, झाडांची सावली. ओहायोच्या आजी फोटो काढत होत्या, त्यांचा कुत्रा मागच्या वर्षी गेला होता, त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्याच क्षणी माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. मला त्या गाईचा हेवा वाटला.

त्याचं कारण नंतर सांगते.

नमाजचं विचाराल तर, प्रवासात चार रकातींच्या दोन होतात हे माहीत होतं, पण वेळांचं गणित डोकं फिरवणारं. मगरिब दहा वाजता. इशाची वाट बघत बसावं तर मध्यरात्र होते आणि फजर तीनच्या सुमाराला दारात उभी. जोहरला मात्र भरपूर वेळ, आम्हा हनफी लोकांना संध्याकाळी सात वाजून जाईपर्यंत. आणखी एक गोष्ट. जन्मभर मी मावळतीकडे तोंड करून नमाज पढले. किबला म्हणजे पश्चिम, हे अंगात मुरलेलं. इथे फोन उघडला तर काटा आग्नेयेकडे. पहिल्या दिवशी मी फोन दोनदा बंद करून उघडला. घरची दिशा आणि मक्केची दिशा जवळजवळ एकच झाली होती.

माउंट अशरच्या बागेत व्हार्ट्री नदीच्या काठावर निलगिरीच्या झाडाखाली मी जोहर अदा केली. ही बाग पॉवर्सकोर्टच्या उलट: आखलेलं काही नाही, झाडं आपल्या मर्जीने वाढल्यासारखी, नदीवर छोटे पूल. वॉलपोल कुटुंबाने १८६८ पासून पिढ्यानपिढ्या वाढवलेली. यॉर्कशायरच्या बाई काही न बोलता माझ्या बाजूच्या बाकावर येऊन बसल्या, कुणी मधून जाऊ नये म्हणून. नमाज झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्याकडे कपाळ जमिनीला लावतात. बागकाम करणाऱ्यांनी असंच करायला हवं." मी त्यांना सांगितलं, माझे मिस्टर दोन्ही करायचे.

जेवणाचं लिहिते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांचा प्रश्न तोच असणार. मासे, अंडी, भाज्यांचं सूप आणि सोडा घातलेली तपकिरी पाव. ही पाव फार छान असते, बाजरीच्या भाकरीच्या जवळची. सकाळच्या ताटात 'पुडिंग' म्हणून काळी चकती येते, ती गोड नसते आणि डुकराच्या रक्ताची असते, सांभाळून. एका घरगुती खानावळीच्या मालकीणबाईंना मी भीत भीत सांगितलं, तर त्यांनी नवी कढई काढली. म्हणाल्या, "आमच्या लहानपणी शुक्रवारी मांस चालायचं नाही, आईने कधी मोडलं नाही. मला काही विचित्र वाटत नाही." हिरव्या रंगाचंही तसंच. आपल्याकडे हिरवं काही दिसलं की लोक आमच्याकडे बघतात. इथे हिरवा सगळ्या देशाचा, बसपासून पोस्टाच्या पेट्यांपर्यंत. झेंडा हिरवा, पांढरा, नारिंगी. तिथेही दोन रंग दोन धर्मपंथांचे आणि मधला पांढरा त्यांच्यातल्या सलोख्याचा.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेला जाताना वाटेत स्ट्रोकस्टाउन लागलं, रॉसकॉमन परगण्यात. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: 'भिंतीआडची बाग, लांबलचक फुलांचा पट्टा'. पट्टा खरोखर डोळे दिपवणारा होता, जांभळं-निळं-पांढरं-पिवळं एकातून एक उमलत जाणारं. पण त्या वाड्याच्या तबेल्यात एक संग्रहालय आहे, दुष्काळाचं. १९९४ साली उघडलं. वाड्याच्या जुन्या कचेरीत कागदपत्रं सापडली, त्यात कुळांचे अर्जही होते, त्यावरून ते उभं राहिलं. वाड्याखाली भुयार आहे. स्वयंपाकघर ते तबेला. नोकरांची ये-जा मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून.

१८४७ साली इथले जमीनदार मेजर डेनिस माहोन यांनी १,४९० कुळांना जमिनीवरून काढून कॅनडाला पाठवायचं ठरवलं. ही माणसं इथून डब्लिनपर्यंत पायी गेली. मग लिव्हरपूल, मग जहाज. कितीतरी जण वाटेतच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहोन यांना गोळी घालून मारण्यात आलं. ती पायवाट आता १६५ किलोमीटरची खुणांची वाट केली आहे आणि जागोजागी लहान मुलांचे कांस्याचे बूट ठेवलेत. मी स्वतःच्या सैल बुटांकडे बघितलं.

बटाटा एकच पीक, बटाटा एकच जात, लम्पर नावाची. गरिबाच्या वाट्याला एवढासा तुकडा की त्यात दुसरं काही घेऊन कुटुंब जगणं शक्य नव्हतं. बटाटा सडला, पण धान्य, लोणी, गुरं बंदरांतून बाहेर जातच राहिली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख माणसं होती, १८५१ मध्ये ६५ लाख. सरकारच्या बाजूने मदतीचा कारभार बघणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन यांचं ठाम मत होतं की बाजारात फार ढवळाढवळ करू नये. हे गृहस्थ पुढे मद्रासचे गव्हर्नर होऊन आपल्याकडेही आले.

भिंतीवरच्या चित्रांमध्ये माणसं खडी फोडत होती. फुकट धान्य दिलं तर लोक आळशी होतील म्हणून आधी काम, मग मजुरी. रस्ते बांधून घेतले, त्यातले काही कुठेच न जाणारे.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. १९७२ साली मी नऊ वर्षांची होते, करमाळ्याकडच्या आमच्या गावात. अम्मी आणि अब्बा दुष्काळी कामावर जायचे. अम्मी खडी फोडायची, धाकटा भाऊ सावलीत झोळीत. मी पाणी न्यायची. शाळेत सुकडी मिळायची, घरात मिलोची भाकरी, लालसर, तोंडात फिरणारी. आम्ही भावंडं मिलोला शिव्या द्यायचो आणि अम्मी आमच्या तोंडावर मारायची, अन्नाला नाव ठेवू नका म्हणून. आमच्या गावात मात्र तेव्हा उपासमारीने कुणी मेलं नाही. अम्मीने ज्या पाझर तलावाची माती वाहिली तो अजून आहे, चांगला पाऊस झाला की भरतो. पुढे रोजगार हमीचा कायदा आला. मी हे गाइड बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दुष्काळ बघितलाय?" बसमध्ये परत बसेपर्यंत ही बातमी सगळ्यांना कळली होती आणि मला दोघांनी चॉकलेट दिलं. मला हसू आलं. पण घेतलं.

इथे सुलतानाचा विषय काढायलाच हवा, नाहीतर मला व्हॉट्सॲपवर येईलच. हो, उस्मानी सुलतान अब्दुलमजीद यांनी १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळासाठी हजार पौंड दिले, याची नोंद आहे, आणि आयरिश सरदार-जमीनदारांचं आभारपत्र इस्तंबूलच्या दफ्तरात आहे. दहा हजार द्यायचे होते पण राणी व्हिक्टोरियाने स्वतः दोनच हजार दिले म्हणून कमी करायला लावले, ही गोष्ट सांगितली जाते. पण तुर्की जहाजं धान्य घेऊन ड्रोहेडा बंदरात गुपचूप आली आणि म्हणून त्या गावाच्या चिन्हात चाँद-तारा आहे, हे जे आपल्याकडे फिरतं, त्यातला चाँद-तारा दुष्काळाच्या कितीतरी शतकं आधीचा आहे. खरी असलेली गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला शेपूट कशाला लावायचं? आणि लावायचंच असेल तर हेही सांगा की कलकत्त्यात वर्गणी जमा होऊन सुमारे १४ हजार पौंड गेले होते, आणि अमेरिकेतल्या चॉक्टाव आदिवासींनी, ज्यांना स्वतःलाच सोळा वर्षांपूर्वी घरादारातून हाकललं होतं, त्यांनी १७० डॉलर पाठवले होते. कॉर्क परगण्यात त्यांच्यासाठी पोलादी पिसांचं एक स्मारक आहे.

कॉनेमाराचा प्रदेश म्हणजे दलदल, दगड आणि मेंढ्या. डोंगराच्या उतारावर सूर्य तिरपा झाला की समांतर रेघा दिसतात, कंगवा फिरवल्यासारख्या. हे जुने बटाट्याचे वाफे. लावणारे गेले, वाफे तसेच राहिले.

त्या दलदलीत कायलमोर ॲबी आहे. मिचेल हेन्री नावाच्या श्रीमंत माणसाने बायकोला हा भाग आवडला म्हणून इथे किल्ल्यासारखं घर बांधलं आणि मैलभर अंतरावर सहा एकरांची भिंतीआडची बाग केली. एकवीस काचघरं होती, त्यांत केळी आणि द्राक्षं पिकायची. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला केळी! १८७४ मध्ये इजिप्तच्या प्रवासात बायको गेली. त्याने तिचा देह इथे आणला, तिच्यासाठी तळ्याकाठी लहानसं, पण कॅथेड्रलसारखं घडवलेलं चर्च बांधलं. बसमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघून "ताजमहाल" म्हटलंच. पुढे घर विकलं गेलं, १९२० मध्ये बेल्जियमहून आलेल्या बेनेडिक्टाइन नन्स तिथे राहू लागल्या, आणि बागेची पार वाट लागली. १९९५ मध्ये त्यांनीच ती उकरून काढायला घेतली. जुने फोटो बघून, काटेरी झुडपं काढून, वाफ्यांच्या खुणा शोधून. २००० साली ती लोकांना उघडली. आता तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जातींचीच झाडं लावतात. सगळी काचघरं मात्र उभी केलेली नाहीत. बऱ्याच ठिकाणी नुसते विटांचे पाये.

मला ते पाये आवडले.

तिथे एक वयस्कर नन भेटल्या. त्यांनी माझ्या ओढणीकडे बघितलं, मी त्यांच्या डोईवरच्या कापडाकडे. त्यांनी विचारलं, "उकडत नाही ना?" मी म्हटलं, "इथे कुठलं उकडतंय?" मग आम्ही दोघी भेंडीवर बोललो, का कोण जाणे. त्यांना भेंडी माहीत होती, इथे काचघरात येईल का असं विचारत होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मिचेल हेन्रीने बायकोसाठी चर्च बांधलं. मी नवऱ्याचे अकरा गुलाब तहानेने मारले. असा विचार करणं चुकीचं आहे हे मला कळतं, पण रात्री दोन वाजता, बाहेर अजून पुरता अंधार नसताना, कळण्याचा काही उपयोग होत नाही.

केरी आणि कॉर्कमधल्या बागांबद्दल भराभर सांगते, कारण त्या सगळ्या सुंदर आहेत आणि सुंदर-सुंदर किती वेळा लिहायचं. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथे बर्फ फारसा पडत नाही, त्यामुळे न्यूझीलंडपासून चिलीपर्यंतची झाडं उघड्यावर जगतात. ग्लेनगारिफपासून होडीने गार्निश बेटावर जातात, वाटेत खडकांवर सील पसरलेले. बेट म्हणजे उघडा कातळ होता. ब्रह्मदेशात व्यापार करून आलेल्या ॲनन ब्राइस यांनी १९१० मध्ये ते घेतलं, होड्यांनी माती नेऊन टाकली आणि हॅरॉल्ड पेटो या इंग्रज रचनाकाराकडून बाग आखून घेतली. कातळावर होडीने माती! सोलापूरच्या माणसाने यावर हसू नये, आम्हीही ट्रॅक्टरने माती टाकतोच. किलार्नीच्या जंगलात मात्र ऱ्होडोडेंड्रॉन पॉन्टिकम नावाच्या जातीने थैमान घातलंय. हौसेने बागेत आणलं आणि ते भिंतीवरून उडी मारून पळालं. त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही. हे ऐकून मला आपलं गाजरगवत आठवलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलेलं. पण पॉन्टिकमचं फूल फार देखणं असतं आणि त्यामुळे त्याला शिव्या देणं अवघड जातं.

रस्त्यांच्या दुतर्फा फ्युशियाची कुंपणं. लाल, खाली लोंबणारी फुलं. त्याला आयरिश भाषेत 'देवाचे अश्रू' म्हणतात, असं बसचालकाने सांगितलं. पाचव्या दिवसापर्यंत मला त्याचं बोलणं समजू लागलं होतं.

त्यालाच मी सहाव्या दिवशी विचारलं. आम्ही बँट्रीहून स्किबरीनकडे जात होतो, पुढे जेवण आणि मग एक खासगी बाग. मुलाने मला सांगितलं होतं की स्किबरीनच्या अलीकडे रस्त्यालगतच ॲबीस्ट्र्यूरी नावाचं कब्रस्तान आहे. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबता येईल का? गाइड बाई म्हणाल्या, वेळापत्रक घट्ट आहे आणि, अगदी हळू आवाजात, "ती काही बाग नाही." चालक म्हणाला, "मला थांबायचंय." मग कुणी काही बोललं नाही.

इलेन नदीच्या काठी उतारावर ते आहे. बाकी कब्रस्तानात दगड आहेत, क्रूस आहेत. आणि मध्ये एक मोठा हिरवा तुकडा, नुसतं गवत. दुष्काळात मेलेली आठ ते दहा हजार माणसं त्याखाली आहेत. नावं नाहीत. त्या काळी इथे पेटीलाही लाकूड-पैसा पुरेना, म्हणून खालून उघडणारी पेटी वापरायचे. खड्ड्यावर नेऊन तळ उघडायचा, माणूस खाली, पेटी पुढच्यासाठी परत.

आता गाईचं सांगते.

एप्रिल २०२१ मध्ये ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ते दारातून चालत गेले. बाराव्या दिवशी फोन आला. मुलगा डब्लिनमध्ये अडकलेला, विमानं नव्हती. मी स्वतः पॉझिटिव्ह, घरात बंद. गुसल देता आलं नाही, पिशवीवरून तयम्मुम केलं असं पुतण्याने सांगितलं. जनाज्याच्या नमाजला पाच माणसं, त्यातली दोन अनोळखी. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातल्या मुलांनी दफन केलं, अल्लाह त्यांना बरकत देवो, त्या दिवशी ती त्यांची नववी मय्यत होती. मग आणखी मय्यती येत गेल्या, मग पाऊस आला, माती बसली. चार महिन्यांनी पुतण्या गेला तेव्हा त्याला खात्रीने सांगता येईना. "चाची, तिसऱ्या रांगेत, कडुनिंबापासून सहावी. किंवा सातवी."

आणि मी ती रांगही बघितलेली नव्हती. आमच्या भागात बायका कब्रस्तानात जात नाहीत. यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत, मला ते माहीत आहेत, कृपया मला हदीस पाठवू नका, दोन्ही बाजूंच्या माझ्याकडे आहेत. मी चार वर्षं फाटकाबाहेर उभी राहून फातिहा पढत आले.

त्या गवताच्या कडेला मी उभी राहिले, तेव्हा कब्रस्तानाच्या आत उभं राहायची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ. गवताखाली कोण कुठे आहे, कुणालाच माहीत नव्हतं. मी हात उचलले आणि ह्यांच्यासाठी फातिहा पढली. मग तसंच उभी राहिले. त्या दहा हजारांसाठी मी काय म्हटलं ते माझ्यात आणि अल्लाहमध्ये राहू द्या. ओहायोच्या आजी क्रूसाची खूण करत होत्या. यॉर्कशायरचे काका टोपी काढून नदीकडे बघत होते. गाइड बाई सगळ्यांत शेवटी बसमधून उतरल्या. त्यांच्या पणजीच्या घरचे याच भागातले होते, असं त्यांनी नंतर जेवताना सांगितलं. सहा दिवसांत त्या हे बोलल्या नव्हत्या.

पंचवीस मिनिटं गेली. खासगी बागेत आम्ही उशिरा पोचलो आणि चहा थंड मिळाला.

सोलापूरला परतले तेव्हा जुलै संपत आला होता. मागचं दार उघडलं. अकरातले दहा गुलाब वाळून काड्या झालेले. अकरावा हिरवा होता, चांगला कमरेएवढा. मी आनंदाने जवळ गेले, आणि मग पानं बघितली. ग्लॅडिएटरची नव्हती. वरचं कलम मेलं होतं आणि खालचा जंगली खुंट फुटून वर आला होता. त्याला लाल, टपोरी फुलं कधीच येणार नाहीत. आली तर बारीक, फिकी. हे असते तर त्यांनी तो फुटवा पहिल्याच आठवड्यात मुळापासून छाटला असता. मी झारी शोधली, तिच्या तोटीत कोळ्याने घर केलं होतं, ती धुतली आणि त्याला पाणी घातलं.

मग पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "चाची, लोक बोलतील." मी म्हटलं, "बोलू देत."

दुपारी तीनची वेळ, फाटकावर फक्त राखणदार. त्याने माझ्याकडे बघितलं, पुतण्याकडे बघितलं आणि काही न म्हणता फाटक उघडलं. तिसरी रांग, कडुनिंब. सहावी आणि सातवी. दोन्हींवर गवत, दोन्ही सारख्याच. माझ्या पिशवीत सब्जाचं बी होतं, मंडईतून आणलेलं पावशेर. आधी सहावीवर टाकलं, मग सातवीवर. पिशवीत बरंच उरलं होतं, म्हणून पाचवीवर आणि आठवीवरही टाकलं.

"एवढ्याला पाणी कोण घालणार, बाई?" राखणदाराने विचारलं. आणि मग आभाळाकडे बघून स्वतःच म्हणाला, "येईल आता, चार वाजेपर्यंत येईल."